परक्या मुलखांतील पहारेकरी

सैन्य युद्ध करण्याकरितां असतें, हें लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु युद्ध पुन्हां पेटूं नये म्हणून, आणि तेंही परक्या मुलखांत, सैन्य पाठविलें जातें, ही गोष्ट समजावयास जरा कठीण आहे. आपल्या कोल्हापूरचे जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचें उदाहरण घेतलें म्हणजे ती उलगडेल.

कोरियांतील युद्ध २७ जुलै १९५३ रोजीं तहकूब झालें. तथापि मायदेशीं परतण्यास नाखूष असलेल्या २२,००० हून अधिक कैद्यांचें काय करावें, हा पेंच उरला. त्यासाठीं पांच तटस्थ राष्ट्रांचें मंडळ नेमलें गेलें. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले, आणि कैद्यांच्या रखवालीस सुमारें ६,००० भारतीय सैनिक थोरातांच्या हुकमतीखालीं गेले. हें दल संयुक्त राष्ट्रसंघाचें नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें. परंतु काम त्याच जातीचें होतें. दक्षिण कोरियाच्या सरकारला हे पाहुणे मुळींच नको होते. त्यांचा पाय आपल्या भूमीस लागूं नये असा त्याचा हट्ट! म्हणून त्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरांनीं निर्लष्करी पट्ट्यांत नेऊन उतरवावें लागलें.

तेथें एके दिवशीं बिथरलेल्या चिनी कैद्यांनीं मेजर ग्रेवाल यांस आंत ओढून नेलें. बंदुका चालविल्या असत्या तर किती जीव गेले असते, याची कल्पनाच करावी. थोरात निःशस्त्र आंत शिरले, खवळलेल्या जमावाशीं बोलले आणि ग्रेवालांस सुखरूप घेऊन बाहेर आले. या धैर्याबद्दल त्यांस अशोकचक्र, वर्ग दुसरा, हें पदक मिळालें. जानेवारी १९५४ मध्यें कैदी ज्यांच्या ताब्यांतून आले होते त्या पक्षांकडे परत सोंपविले गेले. शंभरांहून कमी असे कांहीं मात्र कोणत्याच बाजूस जाईनात, ते भारतांत आले.

पुढें कांगोंत भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रसंघाच्या निशाणाखालीं गेले. तेथें १९६१ सालीं कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांस वीरमरण आलें. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. आजवर अशा कामगिऱ्यांवर २,५०,००० हून अधिक भारतीय सैनिक गेले आहेत.

संघापाशीं स्वतःचें सैन्य नाहीं. सभासद राष्ट्रें माणसें धाडतात, आणि संघ दर सैनिकामागें महिन्यास १,४०० डॉलरांहून कांहीं अधिक रक्कम देतो. ती सैनिकाच्या नव्हे, त्याच्या सरकारच्या हातीं पडते. नेपाळ, बांगलादेश, रवांडा व भारत हीं अलीकडे माणसें पुरविण्यांत अग्रेसर आहेत. खर्चाचा मोठा वांटा अमेरिका, चीन यांसारख्या देशांवर असतो. यावरून कित्येक म्हणतात कीं, हा गरिबांचा पोटाचा धंदा आहे. लहान राष्ट्रांस या पैशाचा आधार होतो, हें खरें. पण थोरात निःशस्त्र आंत शिरले तें कांहीं डॉलरांसाठीं नव्हे. मला खटकतें तें निराळेंच. वर्गण्या थकतात आणि सैनिक देणारीं सरकारें आपल्या येण्याची वाट पाहत बसतात. शिवाय सैनिक कोठें व कशासाठीं पाठवावयाचे, हें सुरक्षा समिति ठरविते. तिच्यांत पांच राष्ट्रांस कायमचें आसन आहे, आणि वर सांगितलेल्या चार अग्रेसरांपैकीं एकाचेंही नांव त्या पांचांत नाहीं.