होडीच्या तळाची पुनर्बांधणी : बाल्सा-गाभ्याची उपपत्ती आणि परिभाषा

परिभाषेचा विचार करताना आपले लक्ष बहुधा ग्रंथांतील संज्ञांकडे जाते. कारागिराच्या व्यवहारातील संज्ञा मागे राहतात. काचतंतूंच्या लहान यांत्रिक होडीचा कुजलेला तळ नव्याने बांधणे, ही क्रिया या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण येथे शब्दाचा अर्थ चुकला तर करवत चुकीच्या जागी चालते. सामान्य इंग्रजीत होडीतील चालण्याच्या पृष्ठभागाला ‘फ्लोअर’ म्हणतात. नौकाबांधणीत मात्र ‘फ्लोअर’ म्हणजे कण्यावर आडवा बसविलेला भारवाही घटक. चालण्याच्या पृष्ठभागाला तेथे ‘सोल’ ही संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात ‘सोल’साठी ‘चालतळ’ आणि नाळेपासून मागील टोकाकडे जाणाऱ्या ‘स्ट्रिंगर’साठी ‘लांबवासा’ असे शब्द योजिले आहेत.

प्रथम गाभ्याचे तत्त्व पाहू. भरीव पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो. परंतु वजनही दुप्पट होते. वजन फारसे न वाढविता ताठपणा मिळवावयाचा, तर काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा घालतात. असा फलक वाकताना एक थर दाबला जातो व दुसरा ताणला जातो. गाभा त्या दोहोंतील अंतर कायम राखतो आणि कर्तनबल पेलून थरांना एकमेकांवरून सरकू देत नाही. १९४० मध्ये प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या धडात प्लायवुडच्या थरांमध्ये बाल्साच होता.

बाल्सा हा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वृक्ष; त्याचे लाकूड मुख्यत्वे एक्वादोरमधून येते. स्पॅनिश भाषेत ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. १९४७ मध्ये थोर हायरडाल यांचा ‘कॉन-टिकी’ हा बाल्साच्या नऊ ओंडक्यांचा तराफा पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॉलिनेशियास पोहोचला. होडीच्या गाभ्यासाठी हे लाकूड आडवे कापून असे बसवितात की, त्याचे तंतू दोन्ही थरांना काटकोनात राहतात. यामुळे फलक दाबास उत्तम टिकतो. शिवाय पाणी तंतूंच्या दिशेने वेगाने, पण आडवे संथपणे पसरते. म्हणून एखाद्या छिद्रातून शिरलेले पाणी फलकभर लवकर पसरत नाही.

तथापि ‘संथपणे’ म्हणजे ‘कधीच नाही’ असे नव्हे. लाकूड दीर्घकाळ ओले राहिले की बुरशी त्यास कुजविते, थर गाभ्यापासून सुटतात आणि फलकाचा ताठपणा नाहीसा होतो. वेगात लाटेवर आपटणाऱ्या होडीत ही गोष्ट प्राणावर बेतू शकते. या हानीचे मूळ बहुधा उघड्या सोडलेल्या स्क्रूच्या छिद्रात किंवा पाणी वाहून जाण्यासाठी लांबवाशात ठेवलेल्या भोकाच्या न लिंपलेल्या कडेत असते.

पुनर्बांधणीत क्रमास महत्त्व आहे. लांबवासे काढण्यापूर्वी होडीस खालून सर्वत्र आधार द्यावा व त्यांची उंची टिपून ठेवावी. अन्यथा तळाचा आकार बदलून तो बदल कायमचा होतो. नंतर जुना पृष्ठभाग घासून पूर्ण कोरडा करावा. बाल्साचे उघडे तंतूमुख राळ शोषून घेतात. म्हणून आधी राळेचा एक हात देऊन मगच फलक दाट केलेल्या राळेत बसवावा. तसे न केल्यास सांध्यातील राळ लाकडात जाते व सांधा कोरडा राहतो. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा धरता येत नाही. लांबवासा व तळ यांच्या कोनात गोलाई भरून त्यावर काचकापडाच्या पट्ट्या क्रमाने अधिकाधिक रुंद चढवाव्यात. जेथे यंत्राचे बोल्ट आवळावयाचे, तेथे बाल्सा चिरडेल. अशा जागी भरीव लाकूड किंवा दाट इपॉक्सी घालणे अवश्य आहे.

शेवटी ‘गाभा’ या शब्दाविषयी. वृक्षाचा गाभा म्हटला की घट्ट, टिकाऊ लाकूड मनात येते, आणि लाक्षणिक अर्थाने ‘गाभा’ म्हणजे सार. या दोन्ही छटा येथे दिशाभूल करणाऱ्या आहेत. वाकण्याचा मुख्य ताण व दाब बाहेरचे थर घेतात. परंतु मराठीत केळीचाही गाभा असतो : मऊ, हलका, आणि बाहेरील सोपटांनी सावरलेला. होडीचा गाभा त्या जातीचा आहे. तेव्हा संज्ञा बदलण्याचे कारण नाही. परिभाषाकोशात तिच्या व्याख्येत ‘कर्तनबल पेलणारा हलका मधला थर’ एवढे स्पष्ट नमूद केले म्हणजे पुरे.