पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या ट्रॉलीची निगा

ऊस वाहतुकीचा हंगाम साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो. मे महिन्यात शेणखताच्या आणि मुरुमाच्या चार-दोन खेपा होतात आणि मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टरची ट्रॉली घरामागे किंवा बांधाच्या कडेला नेऊन सोडली जाते. ट्रॅक्टरला छप्पर मिळते, ट्रॉलीला मिळत नाही. एवढी लांब-रुंद वस्तू मावेल अशी शेड फार थोड्यांकडे असते. पुढे कारखान्याचे धुराडे पेटले की तीच ट्रॉली ओढून काढायची, टायरमध्ये हवा भरायची आणि थेट फडात लावायची, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

आमच्या घरीही हाच प्रघात होता. एका हंगामात पहिल्याच आठवड्यात, भरलेल्या ट्रॉलीचे डावे चाक हबसकट निघून रस्त्याकडेच्या चरीत गेले. मागून येणारा मोटारसायकलस्वार थोडक्यात वाचला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण सांगतो. तो दोन दिवस रस्त्यावर वाळत राहिला आणि वजनात घटला. हब उघडला तेव्हा ग्रीसचे ताकासारखे पांढरट पाणी झालेले होते आणि बेअरिंगच्या खालच्या बाजूचे रोलर गंजून खडबडीत झालेले होते. वरच्या बाजूचे मात्र बऱ्यापैकी चांगले होते.

खालचेच रोलर का गंजले, हे समजून घेतले तर ट्रॉलीची निगा कशी राखावी याचा निम्मा उलगडा होतो.

पाणी हबमध्ये कसे शिरते?

ट्रॉली लांबून चालून आली की हब गरम झालेला असतो व त्यातील हवा प्रसरण पावलेली असते. अशा वेळी आपण ती ओढ्यात उतरवून धुतो. थंड पाणी लागताच हब निवतो, आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या ऑइल सीलच्या कडेने बाहेरचे पाणी आत ओढले जाते. चाक रोज फिरत असते तेव्हा ग्रीस सगळीकडे लागत राहते, म्हणून लगेच काही बिघडत नाही. पण त्यानंतर ट्रॉली चार महिने एका जागी उभी राहिली, तर ते पाणी हबच्या तळाशी बसते आणि तेथे असलेले तेच ते रोलर चार महिने ओलाव्यात राहतात. आपण दोष मात्र पावसाला देतो.

म्हणून ट्रॉली धुवायची ती हब हाताला गार लागल्यावरच, आणि ओढ्यात न उतरवता बादलीने किंवा नळीने. सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोरदार फवारा हबच्या मागील बाजूस सीलवर कधीही मारू नये.

धुणे मात्र टाळू नये. हौद्याच्या कोपऱ्यात अडकलेले पाचट, उसाचा रस, शेणखत आणि माती हे सारे ओलावा धरून ठेवतात. त्याहून घातक म्हणजे खतांचा सांडलेला चुरा. युरिया हवेतील ओल शोषून घेतो हे आपण गोणीवरूनच पाहतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास क्लोराइड असते आणि ओल्या लोखंडावर क्लोराइड पडले की गंज झपाट्याने वाढतो. कोकणात समुद्राकडील खारी हवा हेच काम करते. पोटॅशची गोणी फाटून चुरा पत्र्यावर पसरला असेल, तर तो झाडून थांबू नये, पाण्याने धुऊन काढावा.

बेअरिंग

पावसाळ्यापूर्वी चारही चाकांचे हब उघडावेत (दोन चाकी ट्रॉली असेल तर दोन). गावातील मिस्त्रीकडून करून घेतले तरी चालेल, पण जवळ उभे राहावे. जॅक लावण्यापूर्वी उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि ट्रॉली उचलल्यावर आसाखाली घोडी किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, शिरू नये. हायड्रॉलिक ट्रॉलीचा हौदा उचलून खाली काम करतानाही हाच नियम. तेलाची नळी फुटली तर हौदा ओरडून सांगत नाही.

बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रोलरवर खड्डे, निळसर डाग किंवा गंजाचे ओरखडे दिसले तर ते बेअरिंग टाकून द्यावे. घासून गुळगुळीत करून पुन्हा बसवू नये. ऑइल सील दर वेळी नवीनच घालावे. बेअरिंगच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. ग्रीस लिथियम बेसचे, व्हील बेअरिंगसाठी चालणारे घ्यावे. तळहातावर घेऊन ते रोलरच्या मधल्या फटींतून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबून भरावे. हब मात्र ग्रीसने ठासून भरू नये. ट्रॉली चालू लागल्यावर ते तापते आणि नवीन सीललाच बाहेर ढकलते.

नट आवळताना चाक फिरवत राहावे, चाक जड फिरू लागले की नट थोडा मागे घ्यावा आणि नवीन स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन सरळ करून वापरणे किंवा पिनेच्या जागी खिळा घालणे हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. चाक निघण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

जागा व उभे करण्याची पद्धत

काळ्या जमिनीवर ट्रॉली तशीच सोडू नये. ही माती पाण्याने फुगते, मऊ होते आणि चाके रुतून ट्रॉली एका अंगाला कलते. मुरुमाच्या उंच जागी, प्रत्येक चाकाखाली फरशी किंवा जाड फळी घालून ती उभी करावी. झाडाखालची जागा सोयीची वाटते, परंतु तेथे पालापाचोळा साठतो, पाऊस थांबल्यावरही थेंब पडत राहतात आणि पत्रा लवकर वाळत नाही. वादळात फांदी पडण्याचा धोका वेगळाच.

ट्रॉलीची दांडी थोडी उंच ठेवावी आणि मागचा फाळका उघडा ठेवावा, म्हणजे हौद्यातील पाणी मागे वाहून जाते. तरीही एखाद्या कोपऱ्यात पाणी साचत असेल, तर हौद्याच्या पत्र्याला त्या ठिकाणी पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे. चॅसीला किंवा दांडीला मात्र भोक पाडू नये. हायड्रॉलिक ट्रॉलीचा हौदा पूर्ण खाली बसलेला असावा. सिलिंडरचा चकचकीत दांडा बाहेर राहिला तर त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि पुढे तेच सील कापतात.

टायरला हवा कमी करून ठेवण्याची काहींची पद्धत चुकीची आहे. कमी हवेवर उभ्या टायरच्या बाजू दुमडून चिरतात. नेहमीची हवा ठेवावी व दर महिन्याला पाहावी. शक्य असल्यास आसाखाली ठोकळे देऊन चाके जमिनीपासून बोटभर वर उचलून ठेवावीत. ठोकळे लाकडाचेच हवेत. विटांची किंवा सुट्या दगडांची चळत पावसात ढासळते. टायरवर उन्हासाठी जुनी गोणपाटे टाकावीत.

आच्छादन व रंग

प्लॅस्टिकचा कागद ट्रॉलीला घट्ट गुंडाळणे हे उघडे ठेवण्यापेक्षाही वाईट. आतील ओल बाहेर पडत नाही, रात्री ती प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपाने जमते व पत्र्यावर गळते. आच्छादन करायचेच तर मधोमध बांबूचा आढा देऊन ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती बांधावी आणि खालून वारा खेळता ठेवावा.

गंजलेला भाग तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा एक हात व वर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. हे काम मेमध्ये सकाळी, पत्रा तापण्यापूर्वी करावे. घासताना दांडीच्या आणि हुकाच्या वेल्डिंगकडे बारकाईने पाहावे. केसासारखी चीर दिसली तर रंगाने झाकू नये. चॅसीला इंजिनचे जळके ऑइल फासण्याची पद्धत आहे. ते टायरवर उडाले तर रबर खराब होते, पावसाने धुऊन विहिरीकडे जाते. माझे मत त्याविरुद्ध आहे.

पुरात बुडाल्यास

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या अनेक गावांत पाणी शिरले. ट्रॉली आसापर्यंत जरी बुडाली असेल, तरी दसऱ्याची वाट न पाहता पाणी ओसरताच हब उघडून, धुऊन, नवीन ग्रीस भरावे. बाहेरून कोरडी दिसणारी ट्रॉली आतून कोरडी असेलच असे नाही.

हंगामापूर्वी

खंडेनवमीला ट्रॉलीची पूजा होतेच. त्याच दिवशी ती तपासावी. खाली वाकण्यापूर्वी काठीने आवाज करावा, कारण साप-विंचू पावसाळ्यात तेथे आसरा घेतात. उंदरांनी कुरतडलेल्या वायर बदलाव्यात, मागील लाल रिफ्लेक्टर पुसावेत, नसतील तर बसवावेत. चाकांचे नट आवळावेत. मग रिकामी ट्रॉली चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी आणि प्रत्येक हबजवळ आधी लांबून हात नेऊन, मग टेकवून पाहावे. कोमट लागला तर ठीक. एखादा हब इतरांपेक्षा फार तापलेला असेल, तर तो पुन्हा उघडल्याशिवाय ती ट्रॉली फडात नेऊ नये.