आपल्या कामाचा संगणक (लेखांक ९) : सर्व्हर एक, माणसं दहा

मागच्या लेखांकात सर्व्हर म्हणजे काय ते पाहिलं. आता त्यावर काम करणाऱ्या माणसांकडे वळू.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे अनेक गाळे आहेत. माल गाळ्यात, हिशेब दुसऱ्या मजल्यावर, सीएचं ऑफिस स्टेशनजवळ आणि मालक अर्धा दिवस बाहेर, असा बऱ्याच ठिकाणी कारभार असतो. सगळ्यांना टॅली एकच हवी, विशेषतः जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास. मग एक सर्व्हर घेतला जातो आणि जो तो आपल्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करतो. सोय उत्तम आहे, पण कोटेशनमध्ये लायसन्सची ओळ आहे का, हे फार कमी जण पाहतात.

विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोघांना वेगळ्या लायसन्सशिवाय आत येता येतं, पण फक्त देखभालीसाठी. बिलं करायला, टॅली चालवायला येणाऱ्यासाठी दोन लायसन्स लागतात : एक सर्व्हरचं कॅल (म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स) आणि दुसरं रिमोट डेस्कटॉपचं कॅल. सर्व्हर २०२२ चा असेल तर २०१९ चं कॅल चालत नाही.

रिमोट डेस्कटॉपचं कॅल माणसागणिक घेता येतं किंवा यंत्रागणिक. दोन पाळ्यांत मिळून बारा माणसं सहा कॉम्प्युटरवर बसत असतील, तर यंत्रागणिक सहा पुरतात. उलट मालक ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल अशा तिन्हींवरून येत असेल, तर माणसागणिक एकच पुरतं. ते लोकलच्या पासासारखं आहे : गाडी कोणतीही पकडा, पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. खरेदीपूर्वी ही मोजणी केली तर बरेच पैसे वाचतात.

नव्या सर्व्हरला रिमोट डेस्कटॉपच्या कॅलबाबत १२० दिवसांची सवलत मिळते. ती संपली की ही कॅल सांभाळणारा लायसन्स सर्व्हर लागतो, नाहीतर लोकांना आत येता येत नाही. मात्र माणसागणिक पद्धतीत पाच कॅल घेऊन पंधरा जण आले, तरी सर्व्हर सहाव्याला अडवत नाही. ‘चालतंय ना, मग झालं’ हे उत्तर इथूनच येतं, आणि ते साफ चुकीचं आहे. अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. करार मोडलेलाच असतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे साध्या विंडोज प्रोची फाइल बदलून त्यावर चार-पाच जणांना बसवणं. प्रोवर एका वेळी एकानेच काम करायचं असतं. शिवाय सिस्टीमची फाइल कोणा अनोळखी माणसाने बदललेली, आणि आपली सगळी खाती त्याच यंत्रावर. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

टॅलीचं लायसन्स वेगळं मोजायचं. सिल्व्हर एकाच वापरकर्त्यासाठी असतं. अनेकांना एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड लागतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एकाच लॉगिनची. ‘अ‍ॅडमिन’ हे नाव, एकच पासवर्ड आणि तो सगळ्यांना ठाऊक. एखादं व्हाउचर बदललं गेलं तर कोणी बदललं? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. पण पाच जण एकाच नावाने येत असतील, तर त्या नोंदीत पाचांचं काम एकाच नावावर दिसेल आणि संशय सगळ्यांवर येईल. प्रामाणिक हिशेबनिसावर हा अन्याय आहे. नोकरी सोडून गेलेल्याकडेही तो पासवर्ड राहतोच. एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला नोंदीचा हा नियम लागू नाही, तरी प्रत्येकाचं लॉगिन वेगळंच असावं.

या आठवड्यात एवढं करा : सर्व्हरवर कोण कोण येतं त्यांची नावं (कॅल यंत्रागणिक असतील तर यंत्रं) कागदावर लिहा, शेजारी लायसन्सचं बिल ठेवा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर कॉम्प्युटरवाल्याकडून लेखी उत्तर मागा. पुढच्या लेखांकात बॅकअपविषयी.