बार्शीची छोटी गाडी, चार फुटी फळीवर

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात. तुमच्या मुलाला वा मुलीला स्पर्धेसाठी रेल्वेची प्रतिकृती करायची असेल, तर बाजारातली आगगाडी हिरव्या कापडावर ठेवून वेळ मारून नेऊ नका. आपल्याच मुलखातली गाडी घ्या. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवर आखली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. म्हणून हलके रूळही पुरले. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. आता तिथे रुंद रूळ आले आहेत.

आधी माप ठरवा. एकास पन्नास हे प्रमाण सोयीचे. दोन रुळांतले ७६२ मिलिमीटरचे अंतर फळीवर सव्वापंधरा मिलिमीटर होते. साडेपाच फुटी माणूस साडेतीन सेंटिमीटरलाही थोडा कमीच भरतो. चार फुटी फळीवर खरी जागा मावते ती अवघी दोनशे फूट. तेव्हा अख्खी लाइन दाखवायच्या फंदात पडू नका. मालधक्क्याचा एक कोपरा पुरे: एक वाघीण, दोन बैलगाड्या आणि पोत्यांची थप्पी.

रुळांसाठी दीड मिलिमीटरची तार ताणून सरळ करा. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पाडा आणि दीड सेंटिमीटरवर एकेक बसवा, झाले स्लीपर. खडीला चाळलेली वाळू. जमिनीसाठी मात्र रानातली काळी माती कालवून थापू नका. ती वाळताना कशी भेगाळते, हे मी तुम्हाला सांगायला नको! लाकडाचा भुसा डिंकात कालवून थर द्या आणि वरून वस्त्रगाळ माती भुरभुरा. पोत्यांत धान्य नको, वाळू भरा; नाहीतर उंदीर स्पर्धेच्या आधीच निकाल लावतील. कणकेच्या खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विष आहे. ते काम मोठ्या माणसाने करावे, भांडे वेगळे ठेवावे, हात साबणाने धुवावेत.

एका वर्षी अशाच स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाची वाघीण सुबक होती, पण इंजिनात पाणी भरायच्या नळाभोवतीचा डिंक ओलाच. नीटनेटकेपणाचे दोन गुण मी कापले. मग विचारले, "हे काल रात्री केलेस का?" तो म्हणाला, "होय साहेब. आजोबांनी हलवायला लावला."

आजोबा बार्शीच्या यार्डात हमाली केलेले. आता दिसत नव्हते. आदल्या रात्री त्यांनी फळीवरून बोटे फिरवली, वाघीण ओळखली, पोती मोजली आणि म्हणाले, "नळ ह्या बाजूला नव्हता रे." आई म्हणाली, परीक्षा तोंडावर आहे, राहू दे. मुलाने मात्र नळ उपटून पलीकडे लावला, तेव्हा कुठे म्हातारा झोपायला गेला.

कापलेले गुण मी परत दिले नाहीत. नियम तो नियम. मुलाचा दुसरा नंबर आला. बक्षीस घेतल्यावर त्याने फळी डोक्यावर घेतली आणि एस. टी. स्टँडची वाट धरली. आजोबांना पुन्हा हात लावून बघायचा होता म्हणे.