उंचीचं वेळापत्रक

किन्नौर-स्पितीच्या टूरला निघण्याआधीची बैठक नाशकात कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये होती. लोक फोटो बघायला आले होते, टूर लीडरला मात्र गुडघ्यांची चौकशी करायची होती. गुडघे कुणाचे दुखतात, बीपीची गोळी कोण घेतं, एकादशी कोण धरतं, घोरतं कोण (इथे नवराबायकोंनी एकमेकांकडे बोटं दाखवली) हे सगळं त्याने वहीत उतरवून घेतलं. वय पस्तिशीचं, मूळचा निफाडकडचा. सगळे त्याला दादा म्हणत, सत्तरीच्या काकूसुद्धा.

टूर लीडर म्हणजे माहिती सांगणारा माणूस, असा माझा समज होता. माहिती तो सांगे, पण ते त्याचं दुय्यम काम. खरं काम होतं माणसं हळूहळू वर चढवण्याचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आणि काझा ३,८०० मीटरवर. मनालीकडून निघालं तर एका दिवसात काझा येतं, पण वाटेत ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड. सपाटीवरचं शरीर एवढ्या घाईला तयार नसतं. डोकं ठणकतं, अन्न नकोसं होतं. म्हणून दादाचा नियम होता : सिमल्याकडून चढायचं आणि मनालीकडे उतरायचं. सराहन, कल्पा, नाको, ताबो, काझा हे त्याच्या लेखी मुक्काम कमी आणि पायऱ्या जास्त. नाको ३,६०० मीटरच्या पुढे, तर ताबो ३,२८०. दुपारी नाकोचा तलाव दाखवून तो झोपायला ताबोला खाली नेई. दिवसा उंच जा, रात्री खाली झोप. गिर्यारोहकांचं हे शहाणपण त्याने पेन्शनरांच्या सहलीत बसवलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत या क्लृप्तीचा एका शब्दाने उल्लेख नव्हता, कारण सांगितलं की लोक पहिल्या रात्रीपासूनच श्वास मोजत बसतात.

सराहनच्या भीमाकाली मंदिरात चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं, डोक्यावर टोपी घालावी लागते. ही सूचना दादाने गाडीतच दिली होती, त्यामुळे दारात खोळंबा झाला नाही. मंदिराची भिंत त्याने बोट लावून दाखवली : देवदाराचा ओंडका, त्यावर दगडाचा थर, पुन्हा ओंडका. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. धरणी हलली की लाकूड आणि दगड आपापल्या जागी थोडे सरकतात आणि भिंत उभी राहते. गाभाऱ्यापुढे मात्र तो काही बोलला नाही. तिथे लोकांना आपापलं मागायचं असतं.

रामपूर सोडल्यावर रस्त्यावर सत्ता ड्रायव्हरची. एका बाजूला कातळ कोरून काढलेला, दुसऱ्या बाजूला थेट सतलज. या हिंदुस्तान-तिबेट रस्त्याचं काम १८५० मध्ये, लॉर्ड डलहौसीच्या काळात सुरू झालं आणि त्याची डागडुजी आजतागायत संपलेली नाही. ड्रायव्हर रामपूरचाच होता. त्याचे डोळे रस्त्यापेक्षा वरच्या उतारावर जास्त असत. बारीक खडे घरंगळताना दिसले की तो थांबे, काच खाली करून ऐके, मग एका दमात पार होई. त्या वेळी गाडीत भेंड्या चालू असल्या तर दादा हात वर करी आणि अंताक्षरी अक्षराच्या मध्यात थांबे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. गोदाकाठची माणसं संगम दिसल्यावर नमस्कार केल्याशिवाय कशी राहतील? पण थांबायची सुरक्षित जागा पुढच्या वळणावर होती. दादाने तिथवर धीर धरायला लावला.

स्वयंपाकघर आमच्या सोबतच होतं. आचारी सिन्नरचा. खरं सांगायचं तर मला आधी या प्रकाराचं हसू यायचं : हिमालयात येऊन वरणभात कशाला? काझात त्याचा कुकर जवळून पाहिल्यावर हसू थांबलं. त्या उंचीवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यातली डाळ तासभर रटरटली तरी दाण्याला कणी राहते. कुकरशिवाय इलाज नाही, आणि कुकरलाही शिट्ट्या वाढवून द्याव्या लागतात. ताबोनंतर त्याने तूरडाळ बंद करून मूग आणि मसूर काढली. सकाळी निघताना डाळ झाकणाच्या डब्यात भिजत घाली, गाडी मुक्कामी पोचेपर्यंत ती फुगलेली असे. आणि ज्याला उंचीमुळे भूक नाही, तो अनोळखी पदार्थाला हात लावत नाही. मऊ मुगाची खिचडी मात्र चार घास खातो. त्या उंचीवर ओळखीची चव म्हणजे निम्मं औषध. लसणाचं तिखट तेवढं त्याने काझात लपवून ठेवलं. पित्त झालं तर डोकं उंचीमुळे दुखतंय की तिखटामुळे, हे दादाला कळणार कसं?

ताबोचा विहार बाहेरून बघून आमच्यातले निम्मे लोक निराश झाले. मातीच्या बसक्या भिंती आणि सपाट धाबं. ‘हिमालयातलं अजिंठा’ असं ऐकून आलेल्या मराठी माणसाला कातळ हवा असतो. दादा घाईने आत घेऊन गेला नाही. अंगणात उभं करून त्याने पांडवलेण्याचा विषय काढला. आपल्या नाशकातल्या त्रिरश्मी डोंगरावरच्या या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे : त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली आणि व्याजातून भिक्खूंच्या चीवरांची सोय केली. दोन हजारांवर महिना शेकडा एक, उरलेल्या हजारावर पाऊण. बँकेतून निवृत्त झालेले एक काका लगेच जागे झाले. मग दादाने सांगितलं की इथेही आत असाच लेख आहे : ९९६ साली राजा येशे-ओने हा विहार बांधला आणि ४६ वर्षांनी त्याच्याच घराण्यातल्या जांगछुब-ओने तो दुरुस्त केला. आता लोकांना आत जायची घाई झाली.

आत अंधार आणि फोटोला मनाई. भिंतींवर, डोक्याच्या वर, मातीच्या मूर्ती पुढे आलेल्या. मध्ये चौमुखी वैरोचन. डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून दादाने आधी उजवी घालून एक फेरी काढायला लावली आणि बोलायला दुसऱ्या फेरीत सुरुवात केली. अजिंठ्याची तुलना मला जाहिरातीपुरती वाटत होती, पण ती एका अर्थी खरी निघाली. अजिंठ्यातही चित्रं कातळावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर आहेत आणि गिलावा वाळल्यावर रंगवलेली आहेत. ताबोचंही तसंच. फरक एवढाच की इथे गिलाव्यामागची भिंतही मातीची आणि वरचं छतही मातीचं. १९७५ च्या भूकंपाने या विहाराचं नुकसान केलं होतं. आता भीती पावसाची आहे. जिथे पाऊस जवळजवळ पडतच नव्हता, तिथल्या धाब्यांना पाणी झेलायची सवय नाही.

‘की’ नावाच्या मठात दादाने पायऱ्यांवरच लोकांना गाठलं. मठ ४,१६६ मीटरवर. दहा पायऱ्या झाल्या की तो मुद्दाम काहीतरी विचारी, कधी नातवाचं, कधी द्राक्षबागेचं. उत्तर देताना वाक्य मध्येच तुटलं, तर त्या माणसाला तिथेच बसवायचं. बैठकीतली वहीही इथे खिशातून निघाली आणि दोन काकूंसाठी गाडी अगदी वरपर्यंत नेली गेली.

काझा सोडायच्या आदल्या रात्री त्याने पहाटे चारची वेळ जाहीर केली, तेव्हा जोरदार नापसंती व्यक्त झाली. सुट्टी आहे की शाळा? कारण पाण्याचं होतं. कुंझुमपलीकडे बातल ते छतडूच्या टप्प्यात नाले रस्त्यावरूनच वाहतात. रात्रीच्या गारठ्यात वरचं बर्फ गोठलेलं असतं, म्हणून सकाळी पाणी उथळ. ऊन चढलं की दुपारी तोच नाला छोट्या गाडीला अडवतो. आचाऱ्याने रात्रीच थालीपिठं भाजून फॉइलमध्ये बांधली. कुंझुमला ड्रायव्हरने रिवाजाप्रमाणे देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घातली. शेजारीच छोर्तेन आणि फडफडणाऱ्या पताका, त्यामुळे ती फेरी दोन्हीकडे रुजू झाली असावी.

नाल्यांपाशी पोचलो तेव्हा पाणी चाकाच्या निम्म्यावरही नव्हतं. ड्रायव्हरने तरी उतरून बुटाने तळ चाचपला, मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता गाडी काढली. समोरून मनालीच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. दादाने काच खाली करून त्यांना पुढच्या नाल्यांची खबर दिली आणि मागच्यांची घेतली. गाडीतल्या कुणालाही यात विशेष काही घडल्यासारखं वाटलं नाही. बँकेतल्या काकांची तक्रार होती ती थालीपीठ गार असल्याची, आणि दादाने ती वहीत लिहून घेतली.