घराचा नकाशा आणि वाऱ्याची दिशा

रविवारची सकाळ ही घर बघायला जाण्याची वेळ. कल्याणच्या पुढे अंबरनाथ-बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सुटीच्या दिवशी अशी कुटुंबे हमखास भेटतात. भाड्याच्या खोलीत वर्षे काढलेली, हातात जाहिरातीचा कागद, सोबत आजी आणि दोन मुले. नमुना फ्लॅट पाहताना प्रत्येकाची नजर वेगळी असते. आई ओट्याची उंची पाहते आणि नळ सोडून बघते, बाबा कर्जाचा हप्ता आणि स्टेशनपर्यंतचे रिक्षाभाडे यांची बेरीज करतात, आजी देव्हारा कोणत्या भिंतीला येईल ते विचारते. पाणी किती वेळ येते, शाळा किती लांब, सारे विचारून होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : इथे रात्री वारा कुठून येतो?

अंबरनाथच्या मोरिवली परिसरात तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा.

अंबरनाथ हे देवाचे गाव आणि कारखान्यांचेही. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर तेथील शिलालेखानुसार शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. विसाव्या शतकात या गावात काडेपेट्यांचा ‘विमको’ कारखाना आला, संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे येथे भूखंड पाडले आणि मोरिवली या छोट्या गावाचे नाव औद्योगिक वसाहतीच्या पाटीवर चढले. तेथे रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मग शहर वाढू लागले. शेजारच्या बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अंबरनाथ त्याच वर्षी अडीच लाखांवर पोचले. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसे रुळांच्या कडेने पुढे सरकत गेली. कारखाने जेथे होते तेथेच राहिले, घरेच त्यांच्या कुंपणाकडे चालत आली.

सप्टेंबर २०२४ मधली ती रात्र अंबरनाथकर विसरलेले नाहीत. गणेशोत्सवाचे दिवस होते. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून वायुगळती झाल्याची बातमी पसरली आणि पाहता पाहता शहराच्या मोठ्या भागावर धुराचा पडदा उतरला. रुळांवरही धूसर दिसू लागले. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, श्वास जड होणे अशा तक्रारी घरोघर सुरू झाल्या. लोकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि नाकावर ओला रुमाल धरला. अशा वेळी घरातल्या माणसाच्या हाती एवढाच उपाय उरतो.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर एकच वाद रंगतो. कारखानदार म्हणतात, ‘आम्ही आधी आलो, तुम्ही का येऊन बसलात?’ रहिवासी म्हणतात, ‘आम्हाला परवानगी असलेले घर विकले गेले, आमचा काय दोष?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. चुकले आहे ते तिसऱ्याच टेबलावर, जेथे इमारतीचा नकाशा मंजूर होतो.

त्या टेबलावर काय तपासतात ते पाहू. पुढे-मागे किती जागा सोडली, जिना किती रुंद, अग्निशामक दलाचा बंब आत वळेल का, पावसाचे पाणी कुठे मुरवणार, हे सारे बारकाईने तपासले जाते आणि ते योग्यच आहे. पण या इमारतीत राहणाऱ्याच्या फुप्फुसात कोणती हवा जाणार, हा रकाना बहुतेक नकाशांसाठी नसतोच. ज्या बांधकामाचे क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक आहे, त्याला २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्याहून लहान इमारत या चाळणीत येतच नाही. शेजारी शेजारी दहा लहान इमारती उभ्या राहिल्या, तर त्यांची धूळ, त्यांची वाहने आणि त्यांत राहायला येणारी माणसे यांची बेरीज कोणीच करीत नाही.

त्यात घराचे दोन मालक असावेत तसा कारभार. औद्योगिक क्षेत्रात नियोजनाचा अधिकार औद्योगिक विकास महामंडळाचा, रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषदेचा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक शहरांना एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, पण औद्योगिक महामंडळाचे क्षेत्र तिच्याबाहेर राहिले. कारखान्याला संमतीपत्र देणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणखी निराळे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवा सुधारायची म्हणून त्याने निवडलेल्या शहरांत उल्हासनगर आहे, बदलापूर आहे, दोहोंच्या मधले अंबरनाथ मात्र नाही. कागदावर अशा सीमा आखता येतात. वाऱ्याला त्या ठाऊक नसतात.

हवेचे वागणे थोडे समजून घेतले पाहिजे. दिवसा जमीन तापते, हवा वर चढते, समुद्राकडून वारा येतो आणि धूर पांगतो. थंडीच्या दिवसांत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने गार होते. तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे. मग धुराड्यातून आणि रस्त्यावरून उठलेले सारे आपल्या खिडकीच्या उंचीवर कोंडून राहते. घर आपण रविवारी सकाळी अकराला पाहतो आणि त्यात झोपतो रात्री अकराला. हवेच्या हिशेबाने ती दोन वेगळी घरे आहेत.

नियोजनात हा विचार आधी केला नाही की काय होते, याचा धडा मुंबईतच मिळाला आहे. चेंबूरजवळच्या माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी सात मजली इमारतींची वसाहत उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवून माणसांना तेथे पाठवले गेले. डोक्यावर पक्के छप्पर होते, पण माणसे आजाराच्या तक्रारी करू लागली. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथे आणखी कुटुंबांना पाठवण्यास मनाई केली. ज्यांना पाठवले होते, त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश झाला. घरे बांधून तयार आणि राहण्याजोगी नाहीत! नकाशाच्या वेळी विचारलेला एक प्रश्न यापेक्षा कितीतरी स्वस्त पडला असता.

स्थानिक नियमांनी हवेचा विचार करता येतो, याची उदाहरणेही आहेत. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक एकरापेक्षा मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट आणि लहान भूखंडाभोवती २५ फूट उंच पत्रे, इमारतीला ओले कापड, झाकलेले ट्रक, बाहेर पडताना चाकांची धुलाई. अंमलबजावणी किती झाली हा वाद वेगळा, पण निदान बोट ठेवायला नियम आहे. लंडनच्या २०२१ च्या आराखड्याने दोन्ही बाजू धरल्या : नव्या इमारतीने हवा आणखी बिघडवू नये, आणि वाईट हवेच्या तोंडी नवी माणसे आणून बसवू नयेत. मोरिवलीला गरज आहे ती या दुसऱ्या वाक्याची.

त्यासाठी जाडजूड ग्रंथ नको. नगरपरिषद आणि औद्योगिक महामंडळ यांनी एकत्र बसून काढलेली चार पानांची मार्गदर्शिका पुरे. धोकादायक रसायने हाताळणारा कारखाना इमारतीपासून किती अंतरावर आहे, हे प्रत्येक नकाशावर दाखवावे. हिवाळ्यातल्या रात्रीच्या वाऱ्याची दिशा नोंदवावी. शाळा, पाळणाघर आणि रुग्णालय कुंपणालगत नकोच. धुळीच्या अटी लहान बांधकामालाही लागू कराव्यात. एका प्रभागातल्या साऱ्या नव्या इमारतींचा भार एकत्र मोजावा. आणि हा सारा तपशील जाहिरातीच्या कागदावर, जलतरण तलावाच्या चित्राइतक्याच ठळकपणे छापावा. मधल्या पट्ट्यात झाडे जरूर लावावीत. पण झाडे धूळ काही प्रमाणात अडवतात, वायुगळती नव्हे. अंतराला पर्याय नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. अंतर सोडले की जागा जाते, जागा गेली की घर महागते, आणि येथे येणारा माणूस महागाईला कंटाळूनच आलेला असतो. पण सोडलेली जागा वाया जायलाच हवी असे नाही. तेथे रस्ता, वाहनतळ, गोदाम येऊ शकते. रात्री तेथे कोणी झोपू नये, एवढेच. घराचा हप्ता वीस वर्षांत फिटतो. मुलाच्या दम्याचा हप्ता किती वर्षे चालेल हे कोणताही बिल्डर सांगत नाही.

कायद्याने आपल्याला एक दार उघडे ठेवले आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा विकास आराखडा तयार झाला की तो प्रसिद्ध होतो आणि ३० दिवसांत कोणाही नागरिकाला हरकती व सूचना देता येतात. एरवी तेथे गर्दी होते ती ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडले त्यांची. ज्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे, ते फिरकत नाहीत. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पाण्याच्या टाकीवर तासभर भांडणाऱ्या आपण साऱ्यांनी, त्या ३० दिवसांत एका कागदावर एवढे लिहून द्यावे : आमच्या आणि कारखान्याच्या मध्ये किती अंतर आहे, ते नकाशावर दाखवा.

आणि पुढच्या रविवारी घर बघायला निघालात, तर टोकनाचे पैसे देण्याआधी आणखी एक फेरी मारा. थंडीतल्या एखाद्या रात्री, जेवणे झाल्यावर. आजीलाही बरोबर न्या. देव्हाऱ्याची भिंत तिने पाहिलीच आहे. आता तिला त्या घराची खिडकी उघडून दोन मिनिटे उभे राहू द्या.