ईमॅकस्पीक

ईमॅकस्पीक हे ईमॅक्स या मजकूर संपादकाला वाचा देणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पुण्यात वाढलेले संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांनी ते लिहिले व १९९५ साली प्रसिद्ध केले. काचबिंदूमुळे वयाच्या १४व्या वर्षी रामन यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतल्यानंतर त्यांनी आय.आय.टी. मुंबई व पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण घेतले.

कार्यपद्धती

सर्वसाधारण स्क्रीन रीडर पडद्यावर उमटलेली अक्षरे वाचतो. ईमॅकस्पीक मात्र संपादकाच्या आतच चालते. त्यामुळे समोरचा शब्द आज्ञावलीचा भाग आहे की नुसती टिप्पणी, हे त्याला ठाऊक असते. डोळस वापरकर्त्याला हा भेद रंगाने कळतो. येथे तो आवाज बदलून ऐकवला जातो.

वाणीयंत्रणेची निवड

ईमॅकस्पीक स्वतः ध्वनी निर्माण करत नाही. ते मजकूर 'स्पीच सर्व्हर' या दुव्यामार्फत वाणीयंत्रणेकडे सोपवते. सुरुवातीच्या काळात त्यासाठी डेकटॉक हे स्वतंत्र उपकरण संगणकाला जोडावे लागे. पुढे आयबीएमची आउटलाउड ही यंत्रणा आली. तिच्यात मराठी नाही. ईस्पीक ही विनामूल्य यंत्रणा मराठी बोलते. तिचा आवाज यांत्रिक वाटतो. मात्र संपादन करताना गोडव्यापेक्षा तत्परता महत्त्वाची ठरते. कळ दाबताच अक्षर ऐकू आले पाहिजे आणि वेग बराच वाढवला तरी उच्चार स्पष्ट राहिले पाहिजेत. या दोन्ही बाबतींत ईस्पीक उजवी आहे. कादंबरी ऐकण्यासाठी कोणी ती निवडणार नाही, हेही खरे.

मराठीतील अडचणी

काही शब्दांचे लेखन एकच, पण अर्थानुसार उच्चार भिन्न असतात. लिखित रूपावरून यंत्राला तो भेद कळत नाही. शुद्धलेखन तपासणे त्याहून कठीण आहे. 'दिन' व 'दीन', 'शिर' व 'शीर' हे शब्द वेगाने ऐकताना सारखेच भासतात. म्हणून परीक्षेची उत्तरे किंवा अर्ज टंकलिखित करणाऱ्या अंध विद्यार्थ्याला शंकास्पद शब्द एकेक अक्षर व मात्रा ऐकून तपासावा लागतो. ब्रेल पट्टी जोडलेली असल्यास ऱ्हस्व-दीर्घ बोटांनी वाचता येतात.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर उपलब्ध आहे. त्याच्यासोबतही ईस्पीकच मिळते.